गावच्या ग्रुपवर बाईचं बोलणं

2016 साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. महिला पोलिसांत गेली. तिची तक्रार शिवीगाळ करणाऱ्यापुरती नव्हती, ग्रुपच्या ॲडमिनबद्दलही होती. त्याने त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट आपण काही करू शकत नाही असं सांगून हात वर केले, असं तिचं म्हणणं होतं. ॲडमिनवर लैंगिक शेरेबाजी, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान आणि अपप्रेरणा यांची कलमं लागली. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 लागलं. ॲडमिन गुन्हा रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला आणि 1 मार्च 2021 रोजी न्या. झेड. ए. हक व न्या. अमित बोरकर यांनी त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला.

देशभर या निकालाची बातमी झाली ती ॲडमिनच्या बाजूने. ‘ग्रुपवर कुणी काही टाकलं तर ॲडमिन जबाबदार नाही’ हे वाक्य त्याच ग्रुपांवरून फिरत राहिलं. निकालातलं तर्कशास्त्र असं होतं: ॲडमिनला सदस्य घेण्या-काढण्यापलीकडे फारसा अधिकार नसतो. मजकूर पडण्याआधी तो तपासता किंवा अडवता येत नाही. ग्रुप काढताना पुढे कोण काय लिहील हे त्याला माहीत असणं शक्य नाही. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत होता असं दिसत नसेल, तर एकाच्या शब्दांसाठी दुसऱ्याला आरोपी करता येत नाही. पुढे केरळ उच्च न्यायालयानेही 2022 साली असाच निर्णय दिला.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल बरोबर आहे असं मला वाटतं, आणि स्त्रियांच्या बाजूनेही बरोबर वाटतं. प्रत्येक मेसेजसाठी ॲडमिनला तुरुंगाची भीती असती तर त्याने सगळ्यांत आधी गप्प कुणाला केलं असतं? ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर रेशनच्या हिशेबाबद्दल विचारणाऱ्या बाईला, दारूबंदीचा विषय काढणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्षेला. दुसऱ्याच्या शब्दांसाठी शिक्षेचा धाक असला की माणूस शिवी आणि प्रश्न यांत फरक करत बसत नाही, दोन्ही काढून टाकतो.

पण त्या निकालासमोर एकच प्रश्न होता, ॲडमिन गुन्हेगार आहे का. ती महिला ज्या प्रश्नासाठी ठाण्याची पायरी चढली होती, तो वेगळा होता. ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर मला घाण बोललं गेलं आणि ॲडमिनही मध्ये पडला नाही, याचं काय? हा प्रश्न फौजदारी न्यायालयाच्या आवाक्यातला नाही. तो गावाचा आहे. आणि सोशल मीडियावरच्या स्त्रियांच्या छळाबद्दल आपल्याकडे जे काही बोललं-लिहिलं जातं, त्यात हा गावाचा भाग जवळजवळ नसतोच.

आणखी एक गोष्ट बदलली आहे. 2016 मध्ये ॲडमिनच्या हातात खरोखरच फार काही नव्हतं. 2018 साली ‘फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील’ अशी सोय आली. 2022 साली ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसण्याचा अधिकार ॲडमिनला मिळाला. म्हणजे ‘मी काय करू शकतो’ हे उत्तर आज खोटं ठरतं. यासाठी त्याला आरोपी करावं असं मी म्हणत नाही. पण घाण मेसेज त्याला एका बोटाने काढता येतो, टाकणाऱ्याला चारचौघांत ‘हे चालणार नाही’ असं सांगता येतं, आणि तो ते करत नसेल तर ती असमर्थता नाही, त्याची निवड आहे.

या विषयावरची गाजलेली पाहणी म्हणजे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलची, जानेवारी 2020 मध्ये आलेली. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात 95 भारतीय महिला राजकारण्यांना उद्देशून केलेली 1,14,716 ट्विट्स तिच्यात तपासली. त्यांतली 13.8 टक्के, म्हणजे सातातलं एक, आक्षेपार्ह किंवा शिवराळ निघालं. मुस्लिम स्त्रियांना धर्मावरून आणि मागास मानल्या गेलेल्या जातींतल्या स्त्रियांना जातीवरून इतरांपेक्षा कितीतरी जास्त ऐकावं लागलं. युनेस्कोसाठी झालेल्या जागतिक पाहणीत 73 टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं आणि 30 टक्के जणींनी त्यानंतर सोशल मीडियावर स्वतःच्या लिहिण्याला स्वतःच कात्री लावल्याचं सांगितलं. हे आकडे मोलाचे आहेत. पण ते आहेत राजकारणातल्या आणि पत्रकारितेतल्या, नावाजलेल्या स्त्रियांचे. तिथे शिवी देणारा बहुधा अनोळखी असतो. नाव खोटं, फोटो खोटा, गाव दूर.

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा किंवा सडक अर्जुनीकडे ही रीत उलटी आहे. तिथे ग्रुपवर वाईट बोलणारा कोण, कुणाचा मुलगा, कोणत्या टोलीवरचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या घरी लग्नाला जायचं असतं, रोवणीला त्याच्याच बांधीत मजुरीला उतरायचं असतं. शहरातली बाई अकाउंट बंद करून चार दिवस शांत राहू शकते. गावच्या ग्रुपमधून बाहेर पडलेली बाई काय काय गमावते ते पाहा. धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीची शेवटची तारीख, ग्रामसभेची सूचना, शाळेचा निरोप, नळाला पाणी कधी येणार तो निरोप, सगळं त्याच ग्रुपवर येतं. आणि ‘अमुक ताई ग्रुप सोडून गेल्या’ ही ओळही 2022 पर्यंत त्याच ग्रुपवर सगळ्यांसमोर उमटायची. त्यावर हसणारे चेहरे टाकणारेही तेच असायचे.

आशाताईचं, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेचं, उदाहरण घेऊ, कारण तिच्या बाबतीत हा पेच सगळ्यांत उघडा दिसतो. तिचा मोबाइल नंबर उपकेंद्राच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असतो. असायलाच हवा, बाळंतपणाची कळ रात्री दोनला येते. पण भिंतीवरचा नंबर गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशातही जातो. मग रात्री मिस कॉल, ‘हाय’, ‘झोपली का’, गुलाबाचं चित्र, मग त्याहून पुढचं. तिने नंबर ब्लॉक केला आणि त्याच घरातल्या सुनेला खरंच गरज पडली तर? तिने नंबर बदलला तर? कामाचं साधन आणि छळाची वाट एकच आहे, आणि एक बंद केली की दुसरं तुटतं. अंगणवाडी सेविका, बचत गटाची समुदाय संसाधन व्यक्ती (सीआरपी), महिला सरपंच यांचंही थोड्याफार फरकाने हेच. महाराष्ट्राने 2011 पासून पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या, केंद्राने पोषण ट्रॅकर आणलं, राज्याने लाडकी बहीण योजनेचे अर्ज फोनवरून भरून घेतले. बाईच्या हातात फोन ठेवायला सरकारने सांगितलं. त्या फोनवर तिला काय सोसावं लागेल याची तयारी मात्र कुणी केली नाही.

फोन हातात असण्याचीही गोष्ट सरळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, कधी तरी इंटरनेट वापरलं आहे असं देशातल्या 57 टक्के पुरुषांनी सांगितलं आणि फक्त 33 टक्के स्त्रियांनी. महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण 38 टक्के होतं आणि गावांकडे त्याहून खाली. गोंदिया हा 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया असलेला जिल्हा. डोकी जवळजवळ सारखी. ग्रुपवरचे आवाज मोजले तर हा हिशेब कुठच्या कुठे जातो.

आणि जी बोलते तिच्यावर शिंतोडे उडाले की पहिली शिक्षा तिलाच, घरातूनच. ‘त्याच्या तोंडी कशाला लागतेस?’ ‘तुला काय गरज होती फोटो टाकायची?’ मग डीपीवरचा चेहरा जाऊन तिथे गणपती किंवा फूल येतं. मग फोन सासूकडे, भावाकडे किंवा नवऱ्याकडे जातो. आमगावहून, तिरोड्याहून गोंदियाला शिकायला येणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर फोनच्या पाठोपाठ कॉलेजही जाऊ शकतं. म्हणून ती घरी सांगतच नाही, आणि हेच त्रास देणाऱ्याचं खरं हत्यार असतं. ‘घरी सांगेन’ ही धमकी अपराध्याने द्यायची आणि जिच्याविरुद्ध अपराध झाला तिने घाबरायचं.

विदर्भातच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना मोबाइल बंदीचा ठराव केला. निदान तो मुलगे-मुली दोघांसाठी होता. गुजरातमध्ये काही ठिकाणी फक्त अविवाहित मुलींवर अशी बंदी घातली गेली. तिथे कारण सांगितलं गेलं ते मुलींच्याच भल्याचं. याउलट केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये, वसतिगृहात मुलींच्या फोनवर घातलेल्या वेळेच्या बंधनाविरुद्धच्या याचिकेत, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून बोलण्या-लिहिण्याला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण असल्याचं स्पष्ट केलं. घरातून काढून घेतलेल्या फोनपर्यंत यांपैकी काहीच पोचत नाही. तो कुठल्या आकडेवारीतही येत नाही, कारण त्याची तक्रार कुणी कुणाकडे करत नाही.

या गप्प करण्याला विदर्भात जुना दाखला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून त्या काळच्या वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती, ‘पुणेवैभव’ त्यात पुढे होतं, आणि ताराबाईंनी त्या चिखलफेकीला छापील उत्तर दिलं. पुस्तकावर टीका आणि टवाळी झाली. पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले, ‘सत्सार’मधून. ताराबाईंचं त्यानंतरचं दुसरं पुस्तक नाही. हे एकच पुस्तकही जवळजवळ शतकभर विस्मरणात होतं, स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापलं. एक बाई बोलली, तिला उत्तर म्हणून हेटाळणी मिळाली, आणि मराठीने तिची पुढची सगळी पुस्तकं गमावली. आज ग्रुपवरून निघून जाणाऱ्या बाईच्या मागे काय जातं याचा विचार करताना मला हे रिकामं कपाट आठवतं.

नाव लपवून बोलण्याचाही दाखला आहे. मालती बेडेकर यांनी 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रियांच्या मनाबद्दल लिहिलं म्हणून महाराष्ट्रात वादळ उठलं. त्या वादळाचा मोठा भाग ‘ही विभावरी कोण’ या शोधाचा होता. टोपणनाव नसतं तर ते लेखन झालंच नसतं कदाचित. म्हणून ‘प्रत्येक अकाउंटला आधार जोडा, छळ थांबेल’ हा वरचेवर येणारा उपाय मला धोक्याचा वाटतो. खोट्या नावाआडून शिव्या देणारे आहेत हे खरं. पण नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, जातपंचायतीबद्दल किंवा आपल्या लैंगिकतेबद्दल आडनाव लपवूनच बोलू शकणाऱ्या स्त्रियाही आहेत. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी तर पुष्कळदा तीच एक जागा असते. आणि गावच्या ग्रुपवर तर शिवी देणाऱ्याने नाव लपवलेलंही नसतं.

आता राज्यसंस्थेकडे वळू. इथे महाराष्ट्राचा इतिहास फार अस्वस्थ करणारा आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. पुढच्याच दिवशी दोघी अटकेत होत्या. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींवरचे आरोप पुढे टिकले नाहीत, आणि या अटकेने हादरलेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ घटनाबाह्य ठरवलं. देशातल्या इंटरनेटवरच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा सगळ्यांत मोठा निकाल महाराष्ट्रातल्या दोन मुलींच्या अटकेतून आला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

कलम गेलं, सवय गेली नाही. मे 2022 मध्ये शरद पवार यांच्याबद्दलची एक पोस्ट फेसबुकवर टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि सुटका व्हायला चाळीसेक दिवस लागले. ती पोस्ट मला वाईट आणि दुष्ट वाटली, पण वाईट पोस्टसाठी चाळीस दिवस तुरुंग हे त्याहून वाईट आहे. याच अभिनेत्रीला 2019 मध्ये हिंदीत व्हिडिओ केला म्हणून अश्लील शिव्यांचा मारा सोसावा लागला होता. जुलै 2020 मध्ये विनोदकार अग्रिमा जोशुआ यांचा शिवस्मारकावरचा जुना विनोद फिरला, तेव्हा त्यांना बलात्काराच्या उघड धमक्या आल्या. राज्याच्या गृहमंत्र्यांचा पहिला आदेश अग्रिमा यांच्यावर कारवाईचा होता. धमकी देणाऱ्यावर कारवाईची गोष्ट त्यानंतर आली, आणि एकाला वडोदऱ्यात अटकही झाली.

याच्या शेजारी ठेवायचं ते मुंबईतलं एक प्रकरण. सहकारी महिलेला अश्लील ईमेल पाठवणाऱ्या माणसाविरुद्धची तक्रार 2009 ची होती. शिक्षा झाली 2015 मध्ये, आणि ती महाराष्ट्रातली सायबर पाठलागाच्या प्रकरणातली पहिली शिक्षा म्हणून बातमीत आली. नेत्याच्या भावना दुखावल्या तर एका रात्रीत अटक होते. बाईला त्रास झाला तर सहा वर्षं जातात. यंत्रणेला वेग नाही असं कसं म्हणणार? वेग आहे, तो कुणासाठी वापरायचा हे ठरलेलं आहे. म्हणून मी नव्या, आणखी कडक कायद्याची मागणी करायला कचरतो. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात समाजमाध्यमांवरून होणाऱ्या छळासाठी वेगळं कलम होतं; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. त्याची हळहळ अनेकांना वाटते. पण आहेत ती कलमं वापरली गेली असती तर?

कारण कलमं पुष्कळ आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक शेरेबाजीसाठी कलम 75 आहे, चोरून फोटो काढणं आणि पसरवणं यासाठी 77, पाठलागासाठी 78 (ऑनलाइन पाठलागही त्यात येतो), विनयशीलतेच्या अपमानासाठी 79. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याच्या नावाने फसवणूक, खासगी फोटो पसरवणं, अश्लील मजकूर यांसाठी 66-ड, 66-ई, 67, 67-अ आहेत. तक्रारदार अल्पवयीन असेल तर पोक्सो. बाईची अशी तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची आहे, कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ होते, ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करता येते, ठाण्याने नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. कागदावर वाट मोकळी आहे.

ठाण्यात ती कुठे अडते ते बारकाईने पाहायला हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. गावाकडच्या लहान ठाण्यांचा कारभार बहुधा सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. म्हणजे तक्रार आली आणि त्या कायद्याचं कलम लावलं तर तपास दुसरीकडे पाठवायचा. त्यापेक्षा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद करून, दोघांना बोलावून समज देऊन मिटवणं सोपं. राज्याने 2016 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब उभ्या केल्या, पुढे सायबर पोलीस ठाणीही झाली. पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावातून गोंदियाला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि घरी कारण सांगायचं. त्यात 1930 ही सायबर हेल्पलाइन आणि तिच्यामागची यंत्रणा मुख्यतः पैशाच्या फसवणुकीत गुंतलेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांत देशातल्या 65,893 सायबर गुन्ह्यांपैकी सुमारे 65 टक्के फसवणुकीचे होते, लैंगिक शोषणाच्या हेतूचे 3,434. एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात इतकेच? हा आकडा छळाचा नाही. छळ सोसून ठाण्यापर्यंत पोचू शकलेल्या स्त्रियांचा आहे.

आणि मग येतो मुद्देमालाचा प्रश्न. पुरावा म्हणून तिचा फोन जप्त होतो. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, मुलाच्या शाळेचे निरोप येतात, आशाताई असेल तर ज्याच्यावर तिचं काम चालतं, तो फोन सुपुर्दनाम्यावर परत मिळेपर्यंत महिने जाऊ शकतात. तक्रार केली म्हणून तिचाच आवाज काढून घेतला, असं त्याचं फळ. ठाण्यात तिच्यासमोर फोनमधला मजकूर काढून, त्याचा हॅश नोंदवून, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडून फोन त्याच दिवशी परत देणं पुष्कळ प्रकरणांत शक्य आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, पोलीस अधीक्षकांचं एक परिपत्रक पुरे. माझ्या मते या सगळ्या विषयात इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. 2021 च्या नियमांनी नग्न किंवा मॉर्फ केलेले फोटो तक्रार आल्यापासून 24 तासांत काढण्याचं बंधन घातलं. अडचण आहे ती यंत्राला मराठी शिवी कळण्याची. पुण्याच्या एल3क्यूब गटाने 25,000 मराठी ट्विट्स तपासून द्वेषमूलक भाषेचा संच केला, तो 2022 चा. तोही मुख्यतः लेखी मराठीचा. झाडीबोलीतला टोमणा, पोवारीतली शिवी, रोमन लिपीत लिहिलेलं अर्धं हिंदी अर्धं मराठी, दुहेरी अर्थाचं गाणं लावून बनवलेलं रील, यांच्यातलं काहीच मशीनला दिसत नाही. ‘आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं नाही’ असं उत्तर येतं आणि पुन्हा रिपोर्ट करायची इच्छाच मरते. व्हॉट्सॲपवर तर कुणी रिपोर्ट केल्याशिवाय मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, आणि ते तसंच राहायला हवं, कारण बाईलाही तिच्या मैत्रिणीशी निर्धास्त बोलायचं असतं.

बनावट चित्रांनी यात नवं भय आणलं आहे. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांचा चेहरा लावलेला अश्लील व्हिडिओ 2018 मध्येच फिरवला गेला होता. 1 जानेवारी 2022 ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर शंभराहून जास्त मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले, पत्रकार, कार्यकर्त्या, लेखिका, ज्या बोलत होत्या त्या. तिथे मुंबई पोलिसांनी काही दिवसांत माणसं पकडली, म्हणजे इच्छा असली की होतं. तेव्हा अशा चित्रांसाठी कौशल्य लागायचं, आता फोनवरचं फुकट ॲप आणि लग्नाच्या अल्बममधला एक फोटो पुरतो. डीपी काढून टाकणं हे त्याला उत्तर नाही, कारण फोटो चुलतबहिणीच्या स्टेटसवरही असतो. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत फोटो स्वतःच्या फोनमध्येच ठेवून त्याचा ठसा तेवढा नोंदवता येतो आणि सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात. ही माहिती महाविद्यालयांतल्या फलकांवर हवी. तिथे आज ‘मोबाइलचा वापर टाळा’ एवढंच असतं.

आता गोंदियात काय करता येईल? आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना कामाचा वेगळा नंबर आणि सिम द्यावं आणि भिंतीवर तो लिहावा; रात्रीचे फोन कुणी किती केले याची नोंद आरोग्य केंद्राने घ्यावी, कारण तिने एकटीने तक्रार करणं आणि केंद्राने नोंद पाठवणं यात फार अंतर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मानधनावर किंवा स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही लागू आहे, आणि जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती त्यासाठीच आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर किती ग्रामपंचायतींच्या फलकावर आहेत, हे कुठल्याही पत्रकाराने फिरून पाहावं.

ग्रुपचं काय? ग्रामपंचायतीचा ग्रुप हा खासगी कट्टा नाही, तिथे सरकारी सूचना येतात. म्हणून त्याचे दोन ॲडमिन असावेत आणि त्यांतली एक महिला असावी. घाण मेसेज दिसताच काढायचा, पण त्याआधी त्याचा स्क्रीनशॉट महिला ॲडमिनकडे सुरक्षित ठेवायचा, म्हणजे पुरावा जाणार नाही. कुणाला काढायचं, किती दिवसांसाठी, हे लिहून ठेवावं, नाहीतर हाच अधिकार सरपंचाला प्रश्न विचारणाऱ्यांना हाकलण्यासाठी वापरला जाईल. टीका, आरोप, हिशेब मागणं, चिडून बोलणं हे सगळं राहू द्यायचं. शरीरावरून, चारित्र्यावरून, जातीवरून बोलणं तेवढं काढायचं. ही रेघ ओढणं वाटतं तितकं अवघड नाही. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं तर ती एका वाक्यात सांगेल.

तिला विचारण्याची जागाही आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणं ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांच्या रजिस्टरवरच होते. गोंदियातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने येत्या महिला ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘ग्रुपवरची भाषा आणि ग्रुपचे नियम’ हा विषय घ्यावा, ठराव लिहून तो मुख्य ग्रामसभेत वाचावा आणि त्याच ग्रुपवर टाकावा. ठरावाखाली ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही असेल, म्हणजे पुढच्या वेळी ॲडमिनने हात वर केले तर त्याला दाखवायला गावाचाच कागद असेल.